‘आय’ कुठे आणि ‘मी’ कुठे : पंचवटीतल्या इंग्रजीसाठी सर्वनामांची उजळणी

नाशिकच्या रामकुंडावर सकाळी तासभर थांबलं की तेलुगू, कन्नड, तमीळ, गुजराती, बंगाली असं सगळं कानावर पडतं. जिथे हिंदीचं गाडं अडतं तिथे इंग्रजी पुढे येते. रिक्षावाले, लॉजच्या काउंटरवरची मुलं, काळाराम मंदिराकडे माणसं घेऊन जाणारे गाइड, पूजासाहित्याचे दुकानदार, सगळेच ती बोलतात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तर तिची गरज कितीतरी वाढणार आहे. ही कामापुरती इंग्रजी चांगलीच असते, समोरच्याला नीट कळते. पण एका जागी ती हमखास अडखळते. ‘आय’ म्हणायचं की ‘मी’? ‘ही’ की ‘हिम’? ‘शी’ की ‘हर’? शाळेतली मुलं इथेच गुण घालवतात आणि मुलाखतीला निघालेली तरुण मंडळीही इथेच चाचरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी माणसाला या नियमाचा मोठा भाग आधीपासून येतो. तो मराठीतच आहे. चुका होतात त्या ठरावीक जागी, आणि त्या जागा दाखवून देता येतात.

वाचताना एक खूण लक्षात ठेवावी. या लेखात इंग्रजी शब्द अवतरणात आहेत. म्हणजे अवतरणातला ‘मी’ हा इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ मला. अवतरणाबाहेरचा मी तो आपला.

दोन रांगा

इंग्रजीत काही सर्वनामांची दोन रूपं आहेत. क्रिया करणाऱ्यासाठी, म्हणजे कर्त्यासाठी, ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ आणि ‘हू’. ज्याच्यावर क्रिया घडते त्या कर्मासाठी ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’ आणि ‘हूम’. ‘यू’ आणि ‘इट’ दोन्हीकडे तेच राहतात.

दुसऱ्या रांगेला आणखी एक काम आहे. ‘फॉर’, ‘विथ’, ‘टु’, ‘फ्रॉम’, ‘बिट्वीन’ अशा शब्दांनंतर नेहमी तिच्यातलंच रूप येतं. ‘विथ मी’, ‘फॉर हिम’, ‘फ्रॉम देम’.

पुस्तकातला नियम एवढाच. इंग्रजी नामांना पूर्वी आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या सगळीकडे दिसतात. पुढे त्या झिजत गेल्या आणि कर्ता-कर्माचा भेद फक्त सर्वनामांत उरला. ‘राम’ कर्ता असो की कर्म, इंग्रजीत तो ‘राम’च. ‘ही’चा मात्र ‘हिम’ होतो.

‘यू’सुद्धा मुळात कर्माचंच रूप होतं. कर्त्यासाठी ‘यी’ असा वेगळा शब्द होता. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात हे दोन्ही शब्द आपापल्या जागी दिसतात. नंतर ‘यू’ने ‘यी’ची जागाही घेतली. म्हणून ‘यू’ वापरताना आपल्याला आज काही ठरवावं लागत नाही.

हे मराठीत आहेच

आपण मीसाठी म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणतो. तोबरोबर म्हणत नाही, त्याच्याबरोबर म्हणतो. पुढे शब्दयोगी अव्यय आलं की सर्वनामाचं रूप बदलतं. शाळेत त्याला सामान्यरूप म्हणून शिकवतात, पण तीन वर्षांचं मूल ते न शिकवताच बरोबर वापरतं. इंग्रजी हेच करते. फरक एवढाच की आपलं अव्यय सर्वनामाच्या मागून येतं आणि इंग्रजीतलं आधी उभं राहतं. माझ्यासाठी म्हणजे ‘फॉर मी’, त्याच्याबरोबर म्हणजे ‘विथ हिम’, तुझ्यामाझ्यात म्हणजे ‘बिट्वीन यू अँड मी’.

संस्कृत जाणणाऱ्याला तर हे नातं थेट दिसेल. अहम् हे कर्त्याचं रूप, माम् हे कर्माचं. ‘आय’ आणि ‘मी’ ही त्याच जुन्या जोडीची इंग्रजी शाखा आहे. दुसऱ्या रूपातला तो म आपल्या मला-माझामध्ये आहे आणि त्यांच्या ‘मी’मध्येही आहे.

मला जाऊ दे हे तर जसंच्या तसं इंग्रजीत जातं : ‘लेट मी गो’. दोन्हीकडे कर्माचंच रूप आहे. म्हणून ‘लेट’नंतर ‘आय’ कधीच येत नाही. ‘लेट यू अँड आय गो’ हे चूक, ‘लेट यू अँड मी गो’ हे बरोबर.

सारखा आवाज, उलटा अर्थ

पहिली ठेच आवाजाची आहे. आपला मी म्हणजे कर्ता आणि इंग्रजी ‘मी’ म्हणजे मला. उच्चार एकच, काम नेमकं उलटं. लहान मुलाच्या तोंडून ‘मी गोइंग’, ‘मी अँड आई केम’ असं निघतं तेव्हा ते बहुतेक वेळा आपलाच मी इंग्रजी वाक्यात ठेवत असतं. ‘ही’चंही तसंच. आपली ही बाईमाणसाकडे बोट दाखवते, इंग्रजी ‘ही’ पुरुषाकडे.

मूल बेफिकीर आहे म्हणून असं होत नाही. ही गोष्ट पहिलीच्या वर्गात एकदा उघडपणे सांगितली तर पुढचा बराच गोंधळ टळतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहा वर्षांचं मूल हे दोन मी एकाच वेळी ऐकत असतं.

मला म्हटलं की ‘मी’ नव्हे

आता सगळ्यांत मोठी अडचण, इथे सावकाश जायला हवं. मला म्हणजे ‘मी’ हे समीकरण मुलं पाठ करतात. मग मला भूक लागली, मला माहीत आहे, मला नाशिक आवडतं, मला ताप आलाय, मला मंदिर दिसलं, मला जायचंय ही वाक्यं येतात, आणि या सगळ्यांना इंग्रजीत ‘आय’ लागतो. ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय नो’, ‘आय लाइक नाशिक’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय सॉ द टेम्पल’, ‘आय वॉन्ट टु गो’.

असं होतं कारण मराठी अनुभवणाऱ्याला कर्त्याच्या गादीवर बसवत नाही. भूक लागते ती मला, आठवण येते ती मला, राग येतो तोही मलाच. माणूस इथे काही करत नाही, त्याला काही होतं, असं मराठी म्हणते. आजची इंग्रजी अशा बहुतेक जागी माणसालाच पुढे आणते आणि त्याला कर्ता करते.

जुनी इंग्रजी मात्र आपल्यासारखीच बोलायची. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ मला वाटतं, आणि त्यातला ‘मी’ म्हणजे मलाच. ही घडण इंग्रजीने पुढे सोडून दिली, मराठीने जपली.

पण प्रत्येक मलाचा ‘आय’ होतो असंही नाही. त्याने मला बोलावलं, तिने मला पैसे दिले, त्यांनी मला फसवलं, हा रंग मला शोभतो, या सगळ्यांत ‘मी’च येतो. मग ओळखायचं कसं? मुलांना मी एक प्रश्न विचारायला सांगेन : दुसऱ्या कुणी किंवा कशाने माझ्यावर काही केलंय, की ते माझ्या आत घडतंय? बोलावणारा, देणारा, फसवणारा वेगळा असेल तर ‘मी’. भूक, ताप, आठवण, आवड, इच्छा, माहिती, दिसणं, ऐकू येणं हे आतलं असेल तर बहुतेक वेळा ‘आय’.

बहुतेक म्हणतो, कारण शेवटी ठरवतं ते इंग्रजी क्रियापद. मला ही जागा आवडते याचं ‘आय लाइक धिस प्लेस’ होतं आणि ‘धिस प्लेस प्लीजेस मी’ असंही होतं. अर्थ जवळचाच, पण पहिल्यात माणूस क्रियापदाच्या आधी आहे आणि दुसऱ्यात नंतर. म्हणून पक्की कसोटी जागेची. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी जो बसला तो ‘आय’, मागे गेला की ‘मी’.

त्याने, तिने यांना फसू नका

भूतकाळात आपण त्याने आंबा खाल्ला म्हणतो. तो चा त्याने झाला, म्हणजे रूप बदललं. म्हणून नवशिका ‘हिम’कडे वळतो, नाहीतर ‘बाय हिम’ लिहितो. दोन्ही चूक. साध्या भूतकाळी वाक्यातला त्याने हा इंग्रजीत ‘ही’ आणि तिने ही ‘शी’. ‘बाय हिम’ येतो तो त्याच्याकडून असं म्हणायचं असेल तेव्हा.

मी आणि तू या बाबतीत सरळ आहेत. मी पाहिलं, तू पाहिलंस, त्यांना प्रत्यय लागतच नाही.

सीतागुंफेपाशी एक उतारा

हे सगळं एकत्र पाहायचं तर पंचवटीतली नेहमीची रामाची कथाच घेऊ. सीतागुंफेजवळच्या वडांखाली उभा राहून गाइड ती दिवसातून अनेकदा सांगतो.

‘त्याने आणि त्याच्या भावाने इथे पर्णकुटी बांधली.’ बांधणारे दोघे, म्हणून कर्ता : ‘ही अँड हिज ब्रदर बिल्ट अ हट हिअर.’ त्याने असूनही ‘हिम’ नाही.

पुढे शूर्पणखा येते. ‘तिला तो आवडला.’ या तीन शब्दांतल्या पहिल्या दोनांकडे नीट पाहा. मराठीत ला लागला आहे तिला, आणि तो आपल्या मूळ रूपात आहे. इंग्रजीत नेमकं उलट होतं : ‘शी लाइक्ड हिम.’ ती मूळ रूपात, आणि तो बदललेला. मराठीतली रूपं पाहून कुणी ‘ही लाइक्ड हर’ म्हटलं तर व्याकरण बिनचूक राहतं, पण कथा फिरते. रामालाच शूर्पणखा आवडली असा अर्थ होतो आणि पुढचं काहीच जुळत नाही. सर्वनामाची निवड ही गुणांपुरती गोष्ट नाही, हे सांगायला याहून नेमकं वाक्य मला माहीत नाही.

‘रामाने तिला लक्ष्मणाकडे पाठवलं.’ इथे पाठवणारा वेगळा आहे, म्हणून तिला म्हणजे सरळ ‘हर’ : ‘ही सेंट हर टु लक्ष्मण.’ ‘लक्ष्मणाने तिचं नाक कापलं’ यातही ‘हर’च येतो : ‘लक्ष्मण कट ऑफ हर नोज.’ तिला आणि तिचं या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘हर’ हा एकच शब्द आहे. पुरुषाच्या बाबतीत त्याला म्हणजे ‘हिम’ आणि त्याचं म्हणजे ‘हिज’ असे दोन आहेत. नाशिक हे नाव याच नाकावरून, नासिकेवरून पडलं अशी आख्यायिका गाइड इथे जोडतोच.

मग सीतेचा आणि रामाचा प्रसंग येतो. ‘तिला ते हरिण हवं होतं. तिने त्याला ते तिच्यासाठी आणायला सांगितलं.’ पहिल्या वाक्यातली तिला इच्छा करणारी आहे, म्हणून ‘शी वॉन्टेड द डिअर.’ दुसऱ्यात तिने म्हणजे ‘शी’, त्याला म्हणजे ‘हिम’, तिच्यासाठी म्हणजे ‘फॉर हर’ : ‘शी आस्क्ड हिम टु ब्रिंग इट फॉर हर.’ एका छोट्या वाक्यात या लेखातले तीन नियम आले.

‘रावणाने तिला नेलं. त्याच्यात आणि जटायूत लढाई झाली.’ नेणारा रावण, म्हणून ‘रावण टुक हर अवे.’ ‘बिट्वीन’नंतर दुसरी रांग, म्हणून ‘देअर वॉज अ फाइट बिट्वीन जटायू अँड हिम.’ ‘बिट्वीन जटायू अँड ही’ नाही. इगतपुरी तालुक्यातलं टाकेद जटायूच्या कथेशी जोडलेलं आहे. तिकडे जाणाऱ्यांना हे वाक्य लागतंच.

दोघांची नावं जोडीने आली की

एकटा ‘आय’ किंवा एकटा ‘मी’ असेल तर फार थोडे चुकतात. ‘दे कॉल्ड आय’ असं कुणी म्हणत नाही. पण ‘दे कॉल्ड माय ब्रदर अँड आय’ असं शिकलेली माणसंही म्हणतात, आणि ते चूक आहे.

त्याला कारण शाळेतली एक दुरुस्ती. मराठीत मी आणि माझा भाऊ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत सभ्यतेचा संकेत असा की दुसऱ्याचं नाव आधी, स्वतःचं शेवटी. शिवाय मूल सुरुवातीला ‘मी अँड माय ब्रदर’ म्हणतं. शिक्षक दोन्ही एकदम सुधारतात : ‘माय ब्रदर अँड आय’. त्या वाक्यापुरतं ते बरोबर असतं. पण मुलाच्या डोक्यात ‘अँड आय’ हा जोडशब्द कायमचा बसतो, आणि ते ‘फॉर माय ब्रदर अँड आय’, ‘बिट्वीन यू अँड आय’ असं बोलायला लागतं. चूक टाळण्याच्या धाकातून आलेली ही चूक आहे. जन्मतः इंग्रजी बोलणारेही ती करतात.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या माणसाला क्षणभर वाक्यातून काढा. ‘दे कॉल्ड … आय’ की ‘दे कॉल्ड … मी’? कान लगेच उत्तर देतो. मराठी माणसाकडे आणखी एक उपाय आहे. वाक्य मराठीत म्हणून पाहा. भावाला आणि मला बोलावलं. मराठी जोडीतल्या दोघांनाही प्रत्यय लावते, भावाला आणि मी बोलावलं असं कधी म्हणत नाही. इथे बोलावणारा वेगळा आहे, म्हणून मला म्हणजे ‘मी’.

काळाराम मंदिराच्या दाराशी सांगायची दोन वाक्यं पाहा. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचं नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलं आणि दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. बाबासाहेबांचं नाव आधी येऊन गेलं असेल तर म्हणायचं : ‘दादासाहेब गायकवाड अँड ही लेड द सत्याग्रह.’ आणि अनुयायांबद्दल : ‘मेनी पीपल फॉलोड दादासाहेब अँड हिम.’ पहिल्यात दोघं करणारे, दुसऱ्यात दोघांच्या मागे लोक.

जवळचीच आणखी एक जोडी आहे : आम्ही गाइड आणि आम्हा गाइडांसाठी. ‘वी गाइड्स नो द वे’, पण ‘देअर इज नो शेड फॉर अस गाइड्स’. पुढे नाम आलं म्हणून रूप बदलत नाही.

‘मायसेल्फ’चा आडोसा

‘मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम नाशिक.’ ओळख करून देण्याची ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती चूक वाटत नाही. पण मुलाखतीत ती खटकते. ‘आय अ‍ॅम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढं पुरे. ‘प्लीज कॉल माय पार्टनर ऑर मायसेल्फ’ यातही ‘मी’ हवा. ‘आय’ की ‘मी’ हे ठरवता येत नाही म्हणून माणूस ‘मायसेल्फ’कडे वळतो, असं मला वाटतं. हा शब्द येतो तो करणारा आणि सोसणारा एकच असेल तेव्हा, ‘आय हर्ट मायसेल्फ’, नाहीतर स्वतः असा जोर द्यायचा असेल तेव्हा.

‘इट इज मी’ आणि ‘दॅन मी’

दार वाजलं, आतून विचारलं कोण, तर उत्तर काय? जुनी व्याकरणं ‘इट इज आय’ सांगतात. आज बोलताना सगळे ‘इट्स मी’ म्हणतात आणि ते मान्य आहे. प्रश्नपत्रिकेत औपचारिक रूप मागितलं असेल तर ‘इट इज आय’ लिहावं. एरवी दाराबाहेरून तसं म्हटलं तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल.

‘दॅन’चं थोडं वेगळं आहे. ‘ही इज टॉलर दॅन मी’ आणि ‘ही इज टॉलर दॅन आय’ दोन्ही चालतात. पहिलं बोलण्यात, दुसरं औपचारिक लिखाणात, आणि ‘दॅन आय अ‍ॅम’ म्हटलं तर वादच उरत नाही. पण ‘शी लाइक्स हिम मोअर दॅन मी’ यात अर्थ डळमळतो. तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो, की मला तो जितका आवडतो त्याहून तिला जास्त आवडतो? पहिला अर्थ हवा असेल तर ‘दॅन शी लाइक्स मी’, दुसरा हवा असेल तर ‘दॅन आय डू’. इथे दोन शब्द वाढवावेत, कंजुषी करू नये.

‘हू’ आणि ‘हूम’

कोण म्हणजे ‘हू’, कोणाला म्हणजे ‘हूम’. तुला कोण भेटलं? ‘हू मेट यू?’ तू कोणाला भेटलास? ‘हूम डिड यू मीट?’ बोलण्यात दुसऱ्या जागीही आता ‘हू’च ऐकू येतो आणि त्याला कुणी चूक म्हणत नाही. लिहिताना शंका आली तर उत्तरात ‘ही’ येतो की ‘हिम’ ते पाहावं. ‘हिम’, ‘देम’, ‘हूम’ तिन्ही म वर संपतात. उत्तर म चं असेल तर प्रश्नही म चा.

शिक्षकांना एक विनंती

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, आणि पुन्हा उलट, असा तिचा सराव होता. आज वर्गात मराठी आणू नये असा आग्रह धरला जातो. तो बोलण्याच्या सरावापुरता समजण्यासारखा आहे. सर्वनामांच्या बाबतीत मात्र त्याने मुलांचं नुकसान होतं, कारण मुलाच्या हातातलं सगळ्यांत चांगलं साधन आपण काढून घेतो. पंचवटीतल्या आणि बाहेरच्याही शिक्षकांनी ‘अँड आय’ पाठ करून घेणं थांबवावं. त्याऐवजी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहावीत : तिला तो आवडला, आणि त्याने तिला बोलावलं. दोन्हींत तिला आहे, पण इंग्रजीत एकीकडे ‘शी’ आणि दुसरीकडे ‘हर’ का येतो, हे मुलांनाच शोधू द्यावं. त्यासाठी एक तास पुरतो.